दाखवणारा आणि मारणारा कण एकच असावा का?

एम.फार्म. झालेल्या एका मुलीने विचारलं आहे: आयर्न ऑक्साइडचा गाभा, त्यावर पॉलिमरचं कवच, आत डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध आणि बाहेरून फोलिक ॲसिड (फोलेट), असा नॅनोकण पीएचडीसाठी बनवायचा विचार आहे. एमआरआयमध्ये कॅन्सरची गाठ दिसेल आणि औषधही तिथेच सुटेल. हा विषय घ्यावा का? आणि अशा कणांवर इतके पेपर निघूनही वॉर्डात त्यातलं काही का दिसत नाही?

विषय जरूर घ्या. हा कण मात्र घेऊ नका. का, ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दडलेलं आहे. मी बावीस वर्षं लायपोसोम, म्हणजे चरबीचे पोकळ सूक्ष्म कण, आणि पॉलिमरचे कण बनवते आहे. तुमच्या मनात आहे त्याच्याच जवळपासचा एक कण मीही सुरुवातीच्या काळात बनवला होता, त्यामुळे हे पुस्तकातून सांगत नाही.

नॅनोकण वॉर्डात नाहीत असं मात्र समजू नका. २०२१ मध्ये कोविडच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिस आला, तेव्हा नातेवाईक ज्या इंजेक्शनच्या कुप्यांसाठी एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये धावत होते, ते लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन म्हणजे नॅनोकणच. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर त्याच्या कितीतरी आधी काम केलं होतं. औषध तेच जुनं, पण चरबीच्या सूक्ष्म कणात बसवलं की किडनीवरचा मारा कमी होतो.

कॅन्सरमध्ये हीच गोष्ट डॉक्सोरुबिसिनची. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांच्या कामातून उभं राहिलेलं डॉक्सिल १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा लायपोसोम आणि बाहेर पीईजी या पॉलिमरची झालर. साधं डॉक्सोरुबिसिन शिरेत दिलं की काही मिनिटांत रक्तातून ऊतींमध्ये पसरतं, डॉक्सिलचं रक्तातलं अर्धायुष्य दोन दिवसांहून जास्त आहे. हृदयाला होणारी इजा त्याने कमी झाली. ट्यूमरवर मात्र ते साध्या औषधापेक्षा फार वरचढ ठरलं असं नाही, स्तनाच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आला. उलट तळहात-तळपाय लाल होऊन सालं निघण्याचा नवा त्रास मागे लागला, कारण रक्तात दिवसेंदिवस फिरणारा कण त्वचेतही झिरपतो. औषध कुठे जातं हे कणाने बदललं, पण आपल्याला हवं तिथेच ते गेलं असं झालं नाही.

हे औषध आत भरायची रीत बघण्यासारखी आहे. आधी लायपोसोम अमोनियम सल्फेटच्या द्रावणात बनवायचे, मग बाहेरचं सल्फेट धुऊन टाकायचं आणि साठ अंशांच्या आसपास गरम ठेवून डॉक्सोरुबिसिन घालायचं. औषध भिंतीतून आत जातं, आतल्या सल्फेटबरोबर स्फटिक होऊन बसतं आणि परत बाहेर येऊ शकत नाही. नंतर हे मिश्रण सेफाडेक्सच्या, म्हणजे आकारानुसार वेगळं करणाऱ्या मण्यांच्या, कॉलमवर सोडा. लायपोसोमचा लाल पट्टा सरसर खाली येतो आणि न भरलेलं औषध वरच रेंगाळतं. वरचा पट्टा अगदी फिका दिसला की बॅच साधली, हे मशिनवर नमुना लावायच्या आधीच कळतं. असं नव्वद टक्क्यांच्या वर भरणारं लोडिंग मिळालं म्हणूनच हे औषध बाजारात येऊ शकलं. तुमच्या कणात एकाच वेळी चार-पाच पायऱ्या जमवाव्या लागतील: गाभा, कवच, औषध, पीईजी, फोलेट. प्रत्येक पायरी दहातल्या नऊ कणांत नीट बसली असं धरलं, तरी पाचही पायऱ्या बरोबर बसलेले कण शंभरात एकोणसाठच उरतात. बाकीचे एकेचाळीस शिरेत गेल्यावर काय करतील, हा प्रश्न औषध नियंत्रक विचारतोच. भारतातही नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली आहेत, ती आताच वाचून ठेवा.

आता कण गाठीत जातो कसा, याकडे येते. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की ट्यूमरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि निचरा करणाऱ्या लसीकावाहिन्या तिथे नीट नसतात, म्हणून मोठे रेणू गाठीत शिरतात आणि तिथेच साचतात. याला सगळे ईपीआर म्हणतात आणि प्रत्येक थिसिसच्या पहिल्या पानावर त्याचं चित्र असतं. ते चित्र उंदरासाठी खरं आहे. वीस ग्रॅमच्या उंदरात आपण दोन आठवड्यांत एक ग्रॅमची गाठ वाढवतो, म्हणजे वजनाच्या पाच टक्के. साठ किलोच्या बाईच्या अंगात तीन किलोची गाठ असावी, तसं झालं हे. इतक्या घाईने वाढलेल्या गाठीच्या रक्तवाहिन्या गळणारच. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते, तिच्याभोवती घट्ट तंतू जमतात, आतला दाब वाढतो. स्वादुपिंडाच्या गाठीत तर कण जायला वाटच मिळत नाही.

२०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांचे प्राण्यांवरचे पेपर एकत्र केले. दिलेल्या डोसपैकी गाठीत पोहोचलेला मध्यक वाटा निघाला ०.७ टक्के. या आकड्याने बरीच माणसं खचली, मला तो तितका धक्कादायक वाटत नाही. साधं केमोचं औषधही गाठीत थोडंच पोहोचतं, तुलना त्याच्याशी करायला हवी. मला जास्त बोलका वाटतो तो २००१ मधला लंडनचा अभ्यास. त्यात पीईजी लावलेल्या लायपोसोमवर इंडियम-१११ हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावून ते सतरा पेशंटना दिले आणि गॅमा कॅमेऱ्यावर मोजले. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये एक किलो गाठीमागे डोसच्या सरासरी ३३ टक्के, फुप्फुसात १८ आणि स्तनात जेमतेम ५. तीस ग्रॅमची गाठ धरली तर पहिल्या गटात साधारण एक टक्का औषध पोहोचलं, तिसऱ्यात त्याचा सहावा भाग. कण तोच, डोस तसाच, फरक गाठीचा आणि पेशंटचा. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर किती आहे हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा या तीन आकड्यांत आपल्यासाठी काय आहे ते तुम्हीच ताडाल.

आता फोलिक ॲसिडबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. फोलेट कणाला गाठीकडे ओढून नेत नाही. कण रक्ताच्या प्रवाहाबरोबर जातो तिथे जातो. फोलेट कामाला येतं ते कण पेशीला अक्षरशः चिकटल्यावर. २००६ मध्ये अमेरिकेत हर-टू या कॅन्सरच्या पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी लावलेले आणि न लावलेले लायपोसोम उंदरांत तोलून पाहिले, तर गाठीतलं एकूण प्रमाण सारखंच निघालं. फरक इतकाच की अँटीबॉडीवाले कण कॅन्सरच्या पेशींच्या आत गेले आणि बाकीचे पेशींबाहेरच्या जागेत आणि भक्षक पेशींत राहिले. शिवाय रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो आणि तुम्ही मेहनतीने जोडलेलं फोलेट त्याखाली झाकलं जाऊ शकतं. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना तो थर चांगला ओळखता येतो. शिरेतून दिलेल्या कणांचा मोठा हिस्सा तिथेच अडकतो.

यातच दोन गोष्टी प्रयोगाच्या टेबलावरच्या. नेहमीच्या आरपीएमआय-१६४० माध्यमात फोलिक ॲसिड भरपूर असतं. त्यात पेशी वाढवून फोलेटचा परिणाम मोजाल तर पेशींवरचे फोलेट पकडणारे रिसेप्टर आधीच भरलेले असतील, म्हणून फोलेटरहित माध्यम घ्या. दुसरी जास्त गंभीर. फोलेटच्या कामात सर्रास वापरली जाणारी केबी ही पेशींची जात तोंडाच्या कॅन्सरची म्हणून ओळखली जायची, पण ती प्रत्यक्षात हीला आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. तरीही "तोंडाच्या कॅन्सरवर केबी पेशींत अभ्यास" असे थिसिस अजून माझ्याकडे तपासायला येतात. पेशी विकत घ्या अथवा मागून आणा, एसटीआर, म्हणजे पेशींची ओळख पटवणारी डीएनए चाचणी, करून घेतल्याशिवाय एक प्लेटही लावू नका.

आता मुख्य मुद्दा. बघणं आणि मारणं या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. बघायला सामग्री अगदी थोडी लागते आणि ती गाठीबाहेरच्या शरीरातून लवकर निघून जावी लागते, नाहीतर गाठ उठून दिसत नाही. औषधाला डोस मोठा लागतो आणि ते रक्तात टिकावं लागतं. पेट स्कॅनला नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये भागतं, डॉक्सोरुबिसिन मिलिग्रॅममध्ये मोजतात. घड्याळही जुळावं लागतं. पेट स्कॅनमध्ये नेहमी वापरलं जाणारं किरणोत्सारी फ्लोरीन-१८, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. लायपोसोम गाठीत साचायला एक-दोन दिवस घेतो, तोवर फ्लोरीन संपलेलं असतं. तिथे कॉपर-६४, साडेबारा तासांच्या वरचं, किंवा झिर्कोनियम-८९, सव्वातीन दिवसांचं, असंच काही लागतं.

आयर्न ऑक्साइडची अडचण आणखी वेगळी. एमआरआयमध्ये ते काळं दिसतं. रक्तस्राव काळा, कॅल्शियम काळं, हवा काळी, त्यात तुमचा कण कुठला हे रेडिओलॉजिस्टने कसं ओळखायचं? या कणांचा खरा उपयोग झाला तो उलट्या बाजूने. १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेरिडेक्स यकृतासाठी होतं: निरोगी यकृतातल्या कुप्फर पेशी लोह गिळतात आणि यकृत काळवंडतं, गाठीत या पेशी नसतात म्हणून गाठ उजळ राहते. २००३ मध्ये प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये लसीकाग्रंथींसाठी हीच युक्ती वापरली. कण जिथे जात नाही ते ठिकाण कॅन्सरचं. तुम्हाला नेमका याच्या उलट वागणारा कण हवा आहे, आणि तोही दर तीन आठवड्यांनी द्यायचा. यकृतात बसलेलं लोह तेवढ्यात निघून जात नाही. पुढचा स्कॅन वाचायचा कसा?

बर्लिनमधल्या चुंबकीय उपचारांत हे प्रत्यक्षात घडलं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये आयर्न ऑक्साइडचे कण थेट गाठीत टोचून बाहेरून उलटसुलट फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवायचे, या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण कण इतके दाट असत की नंतर एमआरआयवर गाठ कमी झाली की वाढली हेच दिसेना. दातांत धातू भरलेला असेल तर तोही आधी काढावा लागे. एमआरआयमध्ये दिसणारी वस्तूच एमआरआय आंधळा करून बसली.

मग एकच कण चालतो तरी कुठे? जिथे एकच अणू दोन्ही कामं करतो तिथे. फ्रान्समधला एजीयूआयएक्स हा पाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण बघा. त्यात गॅडोलिनियम आहे. तेच एमआरआयमध्ये दिसतं आणि तेच रेडिएशन दिल्यावर त्याचा मारा वाढवतं. औषध भरणं नाही, सुटणं नाही. काम झाल्यावर कण लघवीवाटे बाहेर. ग्रेनोबलला मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या पंधरा पेशंटमध्ये तो पहिल्यांदा शिरेतून दिला, आणि कण मेंदूतल्या गाठींत साचलेला स्कॅनवर दिसला. हाफ्नियम ऑक्साइडच्या कणाचंही तसंच. तो गाठीतच टोचतात, सीटीवर दिसतो आणि रेडिएशनची ताकद वाढवतो. स्नायू-चरबीच्या सार्कोमा या कॅन्सरच्या चाचणीत, २०१९ मध्ये छापलेल्या, ऑपरेशनवेळी गाठ जवळजवळ पूर्ण मेलेली निघाली असे पेशंट १६ टक्के होते, नुसत्या रेडिएशनच्या गटात ८ टक्के. ल्युटेशियम-१७७ हा तर नॅनोकणही नाही, साधा रेणूला जोडलेला अणू. तो बीटा किरणांनी मारतो आणि त्याच्याच गॅमा किरणांनी कॅमेऱ्यावर दिसतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तो तयार होतो, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचे उपचार चालतात. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन देणंही याच जातीचं, फक्त कितीतरी जुनं.

औषध आणि दिसणारी वस्तू वेगवेगळी असेल, तर माझं ठाम मत आहे की कणही दोन करावेत. एक दाखवायला, एक औषधाचा, वागणूक मात्र दोघांची एकच. दाखवणारा कण आधी द्यायचा आणि बघायचं की या पेशंटच्या गाठीत कण शिरतो का. शिरत असेल तर औषधाचा कण द्यायचा, नसेल तर त्या पेशंटचा वेळ आणि तब्येत वाया न घालवता दुसरा उपचार शोधायचा. प्रोस्टेटमध्ये हेच चालतं: आधी पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन) दाखवणारा पेट स्कॅन, मगच त्याच प्रथिनाला चिकटणारं ल्युटेशियम. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ८३१ पेशंटच्या चाचणीत आयुष्याचा मध्यक ११.३ महिन्यांवरून १५.३ वर गेला, आणि त्या चाचणीत स्कॅनमध्ये पीएसएमए दिसलेल्यांनाच घेतलं होतं.

नॅनोकणांत हे न केल्याची किंमत एका चांगल्या औषधाने मोजली. एमएम-३०२ हा हर-टू अँटीबॉडी लावलेला डॉक्सोरुबिसिनचा लायपोसोम. त्यावर कॉपर-६४ लावून स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १९ पेशंटमध्ये पाहिलं, तर किलोमागे डोसच्या सुमारे अर्ध्या टक्क्यापासून ते साडेअठरा टक्क्यांपर्यंत फरक. एकाच पेशंटच्या दोन गाठींतही फरक. आणि ज्यांच्या गाठीत जास्त साचलं त्यांना फायदा जास्त झाला. तरीही मोठ्या चाचणीत पेशंट निवडताना हा स्कॅन वापरला गेला नाही, आणि २०१६ मध्ये फायदा दिसत नाही म्हणून ती थांबवली. निवडून दिलं असतं तर निकाल वेगळा आला असता का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

माझ्या त्या जुन्या कणाबद्दल सांगायचं राहिलं. आम्ही त्याला लेबल म्हणून टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावलं आणि सशाला दिलं. स्कॅन आला तेव्हा गळ्याशी आणि पोटात ठसठशीत ठिपके. कण तिथे साचतो आहे असं समजून मी वहीत लिहूनही टाकलं. न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे थायरॉइड आणि हे जठर. तुमचा कण नाही हा, सुटलेलं टेक्नेशियम आहे." लेबल कणावरून निघून आलं होतं आणि आम्ही लेबलचा प्रवास कणाचा म्हणून पाहत होतो. उंदरांत डीआयआरसारखा चमकणारा रंग वापरतात तिथेही हेच होतं. रंग रक्तातल्या प्रथिनांवर उडी मारतो आणि सुंदर चित्र येतं, पण ते कणाचं नसतं. तेव्हापासून सीरममध्ये ३७ अंशांवर २४ तास ठेवून लेबल किती टिकलं हे मोजल्याशिवाय आमच्याकडे प्राण्याला काही दिलं जात नाही.

तुमच्यासाठी विषय म्हणून मी हे सुचवीन. पीईजीवाला डॉक्सोरुबिसिन लायपोसोम भारतात उत्तम बनतो. २०१२ मध्ये डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करू दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जेनेरिकला मान्यता दिली. म्हणजे औषधाचा कण तयार आहे. त्याचा बिनऔषधाचा जुळा भाऊ तुम्ही बनवा: आकार तोच, पीडीआय (कणांच्या आकारातल्या फरकाचं माप) ०.१ च्या आत, पीईजी तेवढंच, आत लेबल. दोघांचं रक्तातलं टिकणं आणि गाठीत साचणं एकाच प्राण्यात जुळतं का, एवढाच प्रश्न घ्या. उंदराच्या कातडीखाली झटपट वाढवलेल्या गाठीऐवजी तोंडात हळू वाढणारा ट्यूमर मिळाला तर फार बरं, वेळ लागला तरी चालेल. प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी आणि किरणोत्सारी पदार्थांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) कागदपत्रं यात पहिलं वर्ष सहज जातं, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

हे उत्तर कॅन्सरच्या पेशंटच्या घरचं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठीही एक सांगते. "नॅनो थेरपीने गाठ शोधून मारतो" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. मान्यता असलेली नॅनो औषधं, म्हणजे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा अल्ब्युमिनमधलं पॅक्लिटॅक्सेल, तुमच्या ऑन्कोलॉजिस्टकडेच मिळतात आणि कुणाला द्यायची हे तेच ठरवतील.

आणि गाईडबद्दल विचारलंत तर फार्मसीचा एक गाईड असेलच, दुसरा न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर घ्या. सिनॉप्सिस लिहायच्या आधी आठवडाभर त्यांच्या रिपोर्टिंग रूममध्ये बसा. रोजचे पेट स्कॅन बघताना कुठली चमक गाठीची, कुठली मूत्राशयाची आणि कुठली नुसती दाह झालेल्या दाढेची, हे विचारत राहा.